पराक्रमानंतरचे दिवस

एखाद्या चित्रपटाला अपेक्षेबाहेर यश मिळाले की त्याचा दुसरा भाग निघणार, हे आता इतके गृहीत धरले जाते की त्या दुसऱ्या भागाकडे पाहण्याची आपली दृष्टी तो पडद्यावर येण्यापूर्वीच संशयाने काळवंडलेली असते. हा संशय निराधार आहे असे म्हणता येणार नाही. जिने आपले सांगणे पूर्ण केले आहे त्या कथेला पुन्हा उठवून उभे करायचे, आणि तेच प्रसंग अधिक खर्चाने, अधिक मोठ्या आवाजात, अधिक इमारती पाडून पुन्हा दाखवायचे, असाच या धंद्याचा रिवाज आहे. आणि ज्यांना आता शाळकरी मुलेही सुपरहीरो म्हणून ओळखतात त्या अद्भुत शक्तीच्या वीरांच्या चित्रपटांत तर या रिवाजाला जवळजवळ कायद्याचे स्वरूप आलेले आहे. असे असूनही या प्रकारातील एक दुसरा भाग आपल्या पूर्वार्धाहून निःसंशय श्रेष्ठ आहे, असे मला तो प्रथम पाहिला तेव्हापासून आजतागायत वाटत आले आहे, आणि तो पुन्हा पुन्हा पाहून हे मत बदलण्याऐवजी दृढच होत गेले आहे. हा चित्रपट म्हणजे सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेला आणि जून २००४ च्या अखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘स्पायडर-मॅन २’.

त्याचा पूर्वार्ध मे २००२ मध्ये आला होता. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ऑगस्ट १९६२ च्या एका चित्रकथांच्या मासिकात ज्याला जन्म दिला तो पीटर पार्कर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंच्या आश्रयाने वाढलेला, चष्मा लावणारा, वर्गातल्या दांडगटांच्या चेष्टेचा विषय झालेला पोरका मुलगा. त्याला एक विलक्षण कोळी चावतो, अंगात अचाट सामर्थ्य येते, त्या सामर्थ्याच्या पहिल्या धुंदीत तो एका चोराला जाणूनबुजून पळून जाऊ देतो, आणि त्याच रात्री, त्याच चोराच्या हातून, त्याचे बेनकाका मारले जातात. ज्याच्यापाशी शक्ती आहे त्याच्यावर जबाबदारीही आहे, हा काकांचा अखेरचा उपदेश त्यानंतर त्याच्या आयुष्यावर कायमचा बोजा होऊन बसतो. या कथेने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच ११ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले; एवढ्या अल्प मुदतीत १० कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच चित्रपट होता. ११ सप्टेंबर २००१ च्या संहाराला तेव्हा जेमतेम आठ महिने होत होते. दोन जुळ्या मनोऱ्यांच्या मधोमध विणलेल्या जाळ्यात दरोडेखोरांचे हेलिकॉप्टर अडकते असे दृश्य असलेली त्याची पूर्वजाहिरात त्या घटनेनंतर मागे घ्यावी लागली होती. ज्या शहराने आपले आकाश एका सकाळी कोसळताना पाहिले होते त्या शहराच्या उंच इमारतींमधून एक तरुण निर्वेधपणे झोके घेत जातो, हे दृश्य पाहून तिथल्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना आपल्याला दुरून करता येते.

पहिला भाग हा अशा रीतीने लाभाची कथा आहे. शरीर लाभते, वेग लाभतो, भिंतीवर चढता येते, छपरांवरून उड्या मारता येतात, आणि पावसात उलटे लोंबकळत असताना, जिच्यावर त्याचे प्रेम आहे त्या मेरी जेनचे चुंबनही लाभते. लाभाच्या कथेला एक उपजत आनंद असतो आणि तो आनंद त्या चित्रपटात ओतप्रोत आहे. परंतु काकांच्या मृत्यूने जे ऋण नायकाच्या माथी आले त्याची वसुली कशी होणार, हा प्रश्न त्याने दाराशी आणून ठेवला आणि तेथेच तो संपला. शेवटी मित्राच्या बापाच्या अंत्यविधीनंतर स्मशानभूमीत मेरी जेन आपले प्रेम व्यक्त करते आणि पीटर तिला नकार देऊन पाठमोरा चालू लागतो, तेव्हा संगीत इतके उदात्त होते की त्या नकाराची किंमत उद्या सकाळपासून रोज भरावी लागणार आहे, हे प्रेक्षकाच्या ध्यानातच येत नाही. दुसरा भाग सुरू होतो तो त्या उद्याच्या सकाळी.

त्याच्या आरंभाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तेथेच कर्त्याची दृष्टी दिसते. श्रेयनामावली चालू असताना ॲलेक्स रॉस यांनी रंगवलेली चित्रे एकामागून एक उलगडत जातात, आणि पहिल्या भागातले सगळे महत्त्वाचे क्षण, काकांचा मृत्यू, हिरव्या गॉब्लिनशी झालेले युद्ध, मित्राच्या बापाचा अंत, आपण पुन्हा चित्ररूपाने पाहतो. मला हे पाहताना दर वेळी भवभूतीची आठवण होते. विदर्भातील पद्मपूरच्या या नाटककाराने रामाच्या पराक्रमावर ‘महावीरचरित’ लिहिले, ते राज्याभिषेकापाशी संपवले, आणि मग ‘उत्तररामचरित’ लिहायला घेतले तेव्हा पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण यांना चित्रांच्या दालनात नेऊन उभे केले. तिघे आपलेच गतायुष्य चित्रांत पाहतात; शौर्याचे जे प्रसंग आधीच्या नाटकात प्रत्यक्ष घडले होते ते आता भिंतीवरचे रंग होऊन राहिलेले आहेत, आणि ती चित्रे पाहता पाहताच सीतेच्या मनात पुन्हा वनात जाण्याची जी इच्छा उद्भवते तीच पुढे तिच्या त्यागाचे निमित्त होते. रसिकांनी शतकानुशतके या उत्तरार्धालाच अधिक मान दिला. त्याचे कारण उघड आहे: रावणाला मारणे हे धनुष्यबाणाचे काम होते, पण राज्य आणि घर यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला धनुष्याचा काहीही उपयोग नाही. पीटर पार्कर काही राम नव्हे, आणि सॅम रेमी यांनी भवभूती वाचला असेल असे मला सुचवायचे नाही. तरीही पराक्रमाच्या कथेला उत्तरार्ध का लिहावा, या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही एकच सापडले आहे, आणि दोघांनीही त्याचा आरंभ चित्रांनी केला आहे, याचे मला अतीव समाधान वाटते. चित्रे संपतात आणि पडद्यावर उमटतो तोही एका चित्रातलाच चेहरा, रस्त्यावरच्या प्रचंड जाहिरातफलकावरचा मेरी जेनचा. ती शहरभर दिसते आणि त्याला मात्र दुर्मीळ झालेली आहे.

त्यानंतर पुढची काही मिनिटे हा चित्रपट ज्या गोष्टीवर खर्च करतो तिचे नाव पैसा. कोणत्याही वीरकथेत पैशाचा उल्लेख टाळण्याकडेच कल असतो. वीर राजपुत्र असतो, किंवा बॅटमॅनप्रमाणे अब्जाधीश असतो, किंवा त्याच्या चरितार्थाचा प्रश्न कोणी काढतच नाही. येथे मात्र नायक पिझ्झा पोचवण्याची नोकरी करतो. दुकानाने ग्राहकांना २९ मिनिटांची हमी दिलेली आहे आणि दुकानदार अझीझ त्याला अखेरची संधी देऊन पिटाळतो. ही भूमिका करणारे आसिफ मांडवी मूळचे मुंबईत जन्मलेले, आणि त्यांच्या त्या चिडक्या पण पूर्णतया अन्यायी नसलेल्या मालकात मला तरी एक अत्यंत ओळखीचा माणूस दिसतो. वाटेत ट्रकखाली सापडणारी दोन मुले वाचवावी लागतात, हमीची मुदत टळते, ग्राहकाच्या कचेरीतली बाई पैसे द्यायला नकार देते, आणि नोकरी जाते. मग तो वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन स्वतःचीच छायाचित्रे विकतो. संपादक जेमसन घासाघीस करून रक्कम ठरवतो, आणि ती पूर्वी घेतलेल्या उचलीतच वळती झाल्यामुळे त्याच्या हाती काहीच पडत नाही. महाविद्यालयात तो उशिरा पोचतो, खोलीचे भाडे महिनाभर तुंबलेले असते. ज्याच्या अंगात धावत्या मोटारी अडवण्याचे बळ आहे त्याच्या खिशात आठवड्याचा खर्च भागेल एवढे पैसे नाहीत, हे विधान चित्रपट एकदाही शब्दांनी करीत नाही. एका तरुणाचा एक सबंध दिवस आपल्यासमोर ठेवतो, आणि जमाखर्च आपोआप दिसू लागतो.

या दिवसाच्या शेवटी एक प्रसंग आहे. मेकाकूंच्या घरी पीटरच्या वाढदिवसाची छोटीशी मेजवानी होते. पाहुणे गेल्यावर त्याला टेबलावर बँकेचा कागद दिसतो आणि समजते की काकू कर्जाचे हप्ते भरू शकलेल्या नाहीत, घर जप्त होण्याच्या बेतात आहे. काकूंना जाग येते, त्या पर्स उघडतात आणि वीस डॉलरची नोट त्याच्यापुढे धरतात. तो नको म्हणतो. तेव्हा ती सौम्य, मृदुभाषी वृद्धा एकाएकी आवाज चढवून, जवळजवळ ओरडून, ती नोट घ्यायला सांगते, आणि लगेच स्वतःच्याच आवाजाने दचकून त्याला मिठी मारून क्षमा मागते. निघताना नातवाच्या मुठीत नोट कोंबणाऱ्या आपल्याकडच्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा राग कसला आहे हे सांगावे लागणार नाही. देण्याचा अधिकार हाच ज्या माणसाचा उरलेला शेवटचा अधिकार आहे त्याच्याकडून काही नाकारणे म्हणजे त्याची गरिबी त्याच्या तोंडावर वाचून दाखवणे होय. रोझमेरी हॅरिस या थोर रंगभूमी-अभिनेत्रीने तो क्षण ज्या रीतीने केला आहे त्यासाठीसुद्धा हा चित्रपट पाहावा. पुढे पीटर आपल्या खोलीवर परततो, घरमालक डिटकोविच भाड्यासाठी वाटेत उभा असतो, आणि पीटरच्या हातात असलेली वीसची एकुलती नोट तो काढून घेतो. ती काकूंचीच नोट असल्याचे कोणी सांगत नाही. परंतु दोन प्रसंग इतके लागोपाठ येतात की दुसरे काही मनात येणे कठीण. संपूर्ण शहर ज्याला वीर मानते त्याच्या वाढदिवसाची भेट संध्याकाळ सरण्याच्या आत भाड्यात जमा झालेली असते.

या लेखनाचा मान पटकथाकार ॲल्विन सार्जंट यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जातो, असे मला वाटते. कथेवर मायकेल शेबॉन यांच्यासारख्या कादंबरीकाराचाही हात आहे, आणि मुळात हा सगळा गाभा १९६७ च्या जुलैमधील पन्नासाव्या अंकातून आलेला आहे, ज्यात कंटाळलेला नायक आपला वेष कचऱ्याच्या पिंपात टाकून निघून जातो. जॉन रोमिटा यांनी रेखाटलेले ते दृश्य चित्रपटात जसेच्या तसे उतरले आहे. तथापि सार्जंट यांनी १९८० च्या ‘ऑर्डिनरी पीपल’ची पटकथा लिहून ऑस्कर मिळवले होते, आणि त्या चित्रपटाचा विषय होता एका अपघातात भाऊ बुडाला आणि आपण मात्र वाचलो याच्या अपराधाने पोखरलेला मुलगा. काकांच्या मृत्यूचा अपराध वाहणाऱ्या पीटरची कथा अशा लेखकाच्या हाती पडली, हा योगायोग असो वा निर्मात्यांची जाण, त्याने चित्रपटाचे भाग्य ठरवले. पहिल्या भागात हा अपराध नायकाला कार्याला प्रवृत्त करणारे कारण होता. दुसऱ्यात तो एक आजार झालेला आहे.

आणि तो अक्षरशः आजारच आहे. पीटरची शक्ती हळूहळू जाऊ लागते. मनगटातून जाळे निघेनासे होते, भिंतीवरून हात सुटतात, चष्मा पुन्हा लागतो. एका उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली येण्याचा अन्य मार्ग न उरल्यामुळे तो आपल्या लाल-निळ्या वेषातच लिफ्टमध्ये शिरतो, आणि शेजारी उभा राहिलेला अनोळखी इसम त्याच्या वेषाची तारीफ करतो; मग दोघेही खालचा मजला येईपर्यंत अवघडून उभे राहतात. वैद्याकडे गेल्यावर रोग शरीरात सापडत नाही. तो मनातच आहे, आणि तो बरा करायचा असेल तर ज्या वचनाने तो जडला त्या वचनाचाच पुनर्विचार केला पाहिजे, हे त्याला उमगते, आणि पिंपात वेष टाकून तो चालू लागतो.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे एक जुने उदाहरण आहे. १९८० च्या ‘सुपरमॅन २’ मध्येही नायक प्रेमासाठी आपल्या शक्ती सोडून देतो. तोही दुसराच भाग, आणि त्याचाही पुष्कळ गौरव झालेला आहे. मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांना दूर करून रिचर्ड लेस्टर यांच्याकडून तो पूर्ण करून घेतला गेला ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण तेथे सुपरमॅनला रस्त्याकडेच्या खानावळीत एका धटिंगणाकडून मार बसतो, मग तो परत जातो, शक्ती परत मिळतात, आणि शेवटी एका चुंबनाने लोइस लेनची सगळी स्मृती पुसून टाकली जाते. त्यागाचा करार झाला, मोडला, आणि दस्तऐवज नाहीसा केला गेला. कोणाला काहीच भरावे लागले नाही. ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये शक्ती गेल्यावर पीटरला जो काळ लाभतो तो सुखाचा आहे, तो अभ्यास करतो, वेळेवर पोचतो, ऑस्कर वाइल्डच्या नाटकात काम करणाऱ्या मेरी जेनचा प्रयोग, ज्याला पूर्वी उशीर झाल्यामुळे त्याला दारातूनच परत पाठवले होते, तो आता सबंध पाहतो. आणि त्याच वेळी गल्लीत एका माणसाला मार बसत असताना मान वळवून निघून जातो. सुख खरे आहे आणि मान वळवणेही खरे आहे. दोन्हींची नोंद शेजारी शेजारी करण्याइतका हा चित्रपट प्रामाणिक आहे.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी हा लेख लिहावा असे मला वाटले. काकू आणि पीटर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले आहेत. बेनकाकांच्या मृत्यूबद्दल काकू स्वतःलाच दोष देत असतात. पीटरला ते सहन होत नाही आणि तो सांगू लागतो: मी त्या दिवशी वाचनालयात गेलोच नव्हतो, मला मोटार घ्यायची होती, मेरी जेनवर छाप पाडायची होती, म्हणून पैसे मिळवायला गेलो, चोर माझ्या समोरून धावत गेला, मी त्याला अडवू शकत होतो, अडवला नाही. त्याचा हात काकूंच्या हातात असतो. त्या ऐकतात, हात काढून घेतात, उठतात, आणि एक शब्दही न बोलता जिना चढून निघून जातात. संगीत भरून येत नाही, कोणी रडत नाही, क्षमेचे आश्वासनही मिळत नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून तयार केलेल्या, मुलांच्या खेळण्यांवर छापल्या जाणाऱ्या नायकाच्या चित्रपटात, चार यांत्रिक भुजांचा राक्षस शहरात मोकाट असताना, दिग्दर्शकाने एवढा वेळ एका टेबलाला दिला आणि त्या दृश्याचा शेवट असा कोरडा ठेवला, याला धैर्य लागते. ही कबुली देताना त्याने आपल्या शक्तीचे रहस्य मात्र सांगितलेले नाही. जे सांगितले तेवढे सांगायला शक्तीची गरजच नव्हती, कोणत्याही सामान्य पुतण्याला ते सांगावे लागले असते.

खलनायकाच्या बाबतीतही दुसरा भाग पुढे गेलेला आहे, मात्र येथे मी थोडे सावधपणे बोलेन. पहिल्या भागातील विलेम डफो यांचा नॉर्मन ऑस्बॉर्न, हाच तो हिरवा गॉब्लिन, आरशासमोर उभा राहून स्वतःशी, म्हणजे आपल्यातल्या दुसऱ्याशी, बोलतो तो प्रसंग दोन्ही चित्रपटांतील उत्तम अभिनयाच्या नमुन्यांत मोडतो. दुर्दैव इतकेच की एरवी त्यांचा तो विलक्षण चेहरा एका ताठ हिरव्या मुखवट्याआड कोंडला गेला. आल्फ्रेड मोलिना यांचा ऑटो ऑक्टेव्हियस मुखवट्याविना आहे. तो आरंभी एक प्रेमळ पती आणि उमदा अध्यापक म्हणून भेटतो, पीटरला घरी बोलावतो, बायकोसमवेत कवितेविषयी बोलतो, आणि बुद्धी ही माणसाला जगाच्या भल्यासाठी मिळालेली देणगी आहे असे बजावतो. प्रयोग फसतो, पत्नी डोळ्यांदेखत मरते, पाठीला चार धातूच्या भुजा कायमच्या चिकटतात. या भुजांचा बराचसा भाग चित्रीकरणाच्या वेळी कळसूत्री चालवणाऱ्या कलावंतांनी प्रत्यक्ष हाताळला होता, आणि म्हणूनच त्या जिवंत वाटतात. एक भुजा त्याचा चष्मा हळुवार चढवते, दुसरी चिरूट पेटवते. दवाखान्यात त्या भुजा शस्त्रक्रियेला आलेल्या डॉक्टरांवर तुटून पडतात, तेव्हा तारुण्यात अत्यल्प पैशांत भयपट काढून नाव मिळवणारे रेमी पुन्हा दिसतात. या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले ते सर्वथा योग्य होते. पण खरा फायदा कथेचा झाला: स्वप्न सोडून दिलेला पीटर आणि स्वप्न सोडू न शकणारा ऑक्टेव्हियस एकमेकांसमोर उभे राहतात, आणि अखेर शिष्य गुरूचेच शब्द गुरूला परत ऐकवून त्याला माणसात आणतो.

आगगाडीचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याची लढाई मी सांगत बसत नाही. उंचावरच्या रुळांवरून सुटलेली ती गाडी, जिचा काही भाग न्यूयॉर्कऐवजी शिकागोत चित्रित झाला, पीटर दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळ्याचे दोर बांधून छातीवर थोपवतो. मुखवटा आधीच निघालेला असतो, वेष फाटलेला असतो, आणि गाडी थांबते तेव्हा तो बेशुद्ध होऊन पुढे कोसळू लागतो. आतले उतारू त्याला धरतात. हातांवर उचलून, डोक्यावरून, एका हातातून दुसऱ्या हातात देत ते त्याला आत नेतात आणि जमिनीवर निजवतात. मग सगळे त्याचा चेहरा पाहतात. हा तर माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा आहे, अशा अर्थाचे कोणीतरी बोलतो. दोन मुले मुखवटा परत आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही असे वचन देतात. पहिल्या भागात पुलावरून न्यूयॉर्कचे नागरिक गॉब्लिनवर हाताला येईल ते फेकतात, तो प्रसंग त्या काळात स्वाभाविकच टाळ्यांचा झाला. पण तेथे लोक वीराच्या बाजूने लढत होते. येथे लोकांनी वीराला वाचवलेले आहे. आजवर एकाच खांद्यावर असलेली जबाबदारी काही क्षणांपुरती एका डब्यातल्या अनोळखी लोकांनी आपसात वाटून घेतली.

या भागातही दोष आहेत, आणि ते मी झाकू इच्छित नाही. गेलेली शक्ती जेव्हा परत येते ती फारच सोयीस्कर क्षणी येते. ऑक्टेव्हियसच्या प्रयोगातला मानवनिर्मित सूर्य नदीत बुडवला की विझतो, हे कोणत्याही शाळकरी विज्ञानाला पटणारे नाही. मेरी जेन पुन्हा एकदा खांबाला बांधलेली ओलीस होते. कर्स्टन डन्स्ट यांच्यासारख्या अभिनेत्रीला याहून अधिक काम मिळायला हवे होते. आणि लग्नमंडपात ताटकळत राहिलेल्या अंतराळवीर जॉन जेमसनविषयी, ज्याने कोणाचेही काही वाईट केलेले नाही, कथेला जरासुद्धा कणव नाही, हे मला आजही खुपते. तरी त्या लग्नातून पळून मेरी जेन पीटरच्या खोलीच्या दारात येते, त्याच्या रहस्याची आणि धोक्याची सारी जाणीव ठेवून त्याच्याबरोबर राहण्याचा निर्णय आपण स्वतः घेतला आहे असे सांगते, बाहेर पोलिसांचा भोंगा वाजतो आणि तीच त्याला जा म्हणते. तो आनंदाने खिडकीतून उडी घेतो. कॅमेरा त्याच्यामागे थोडा वेळ जातो आणि मग परत येऊन तिच्या चेहऱ्यावर स्थिर होतो, ज्यावर हसू मावळत जाऊन काळजी उतरलेली आहे. पहिल्या भागाचा निर्णय पीटरने एकट्याने, तिला न विचारता, तिच्या वतीने घेतला होता. आता निर्णय तिचा आहे आणि त्याचा भारही तिने पाहिलेला आहे.

उत्पन्नाच्या हिशेबात पहिलाच भाग पुढे राहिला: अमेरिकेत त्याने ४० कोटी डॉलरचा पल्ला गाठला, दुसरा ३७ कोटींच्या आसपास थांबला. जाणकारांचा कौल मात्र उलट होता. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पहिल्याला चारपैकी अडीच तारे दिले होते, दुसऱ्याला पूर्ण चार दिले. २००७ मध्ये तिसरा भाग आला, आपल्याकडे तो भोजपुरीतसुद्धा उतरला, आणि त्यात एकाऐवजी तीन प्रतिस्पर्धी होते. दुसऱ्या भागाने कथेत माणसे आत खोल नेली होती. तिसऱ्याने ती बाहेर रांगेत उभी केली. त्याच दिग्दर्शकाच्या हातून, त्याच नटांसह हे घडले, यावरून त्या दुसऱ्या वेळेस काय साधले होते याची कल्पना यावी.

असे असले तरी नव्याने पाहायला बसणाऱ्यांना, विशेषतः घरातल्या मुलांना दाखवणार असतील त्यांना, मी आग्रहाने सांगेन की थोर म्हणून दुसराच भाग आधी लावू नये. पहिल्यात मोटारीतला एक साधा प्रसंग आहे: बेनकाका पीटरला वाचनालयापाशी सोडायला आलेले आहेत, दोन शब्द हिताचे सांगू पाहतात, आणि तो मुलगा, तुम्ही माझे वडील नाही, वडिलांचा आव आणू नका, असे बोलून दार लावून निघून जातो. क्लिफ रॉबर्टसन यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटते ते एका क्षणात निघून जाते. ते ज्याने पाहिलेले नाही, त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काकूंनी आपला हात का काढून घेतला, हे सांगून समजणार नाही.